राजवाडा दोन तास, बाग दिवसभर

वाचक विचारतात : व्हर्साय

पॅरिसजवळच्या व्हर्सायबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. बहुतेक प्रश्न राजवाड्याबद्दल आहेत, त्यातही आरसेमहालाबद्दल. आमचा आग्रह मात्र बागेसाठी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने इथे जेवढा जीव इमारतीत ओतला तेवढाच, किंबहुना जास्त, झाडांत आणि पाण्यात ओतला होता. बाग न पाहता परतलेल्या माणसाचं व्हर्साय अर्धंही पाहून झालेलं नसतं.

आमच्या टूरमध्ये व्हर्सायला अर्धा दिवस ठेवला आहे. तेवढा पुरेल का? (ठाणे)

राजवाडा पाहायला पुरेल, व्हर्साय पाहायला नाही. वाड्यात 2,300 खोल्या असल्या तरी पाहुण्यांचा मुख्य मार्ग ठरलेला आहे आणि गर्दीच्या लोंढ्यातूनही तो दीड-दोन तासांत संपतो. बाहेर मात्र सगळं मिळून सुमारे 800 हेक्टरचा पसारा आहे. वाड्यापासून बागेतल्या मोठ्या कालव्याच्या सुरुवातीपर्यंत साधारण एक किलोमीटर, पुढे कालवा 1,670 मीटर आणि उजव्या हाताला त्रियानॉंचे दोन छोटे वाडे. अर्ध्या दिवसाच्या टूरमध्ये लोक गच्चीवर उभे राहून फोटो काढतात आणि बस गाठायला धावतात.

शक्य असेल तर तो दिवस टूरमधून मोकळा करून घ्या आणि स्वतः जा. क्रम असा ठेवा : सकाळी 9 चं वाड्याचं तिकीट, 11 पर्यंत बाहेर, मग तासभर वरची बाग आणि कारंजी. त्यानंतर कालव्यापर्यंत उतरून जेवण आणि दुपारी त्रियानॉं. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण त्रियानॉंचे दरवाजे दुपारी 12 ला उघडतात. सकाळी आधी तिकडे चालत गेलेले लोक बंद फाटकासमोर ताटकळतात आणि तोवर वाड्यातली गर्दी दुप्पट झालेली असते.

वार निवडताना : सोमवारी वाडा आणि त्रियानॉं बंद असतात. मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद असल्यामुळे पॅरिसमधली गर्दी इकडे वळते. बुधवार ते शुक्रवार त्यामानाने सुसह्य, पण मोठी कारंजी पूर्ण क्रमाने चालतात ती मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी. आम्ही गर्दी सोसून कारंज्यांचाच दिवस घ्या असं सांगू. कोरडी पडलेली कारंजी म्हणजे नुसते दगडी हौद.

तिकिटांचे इतके प्रकार आहेत की गोंधळ होतो. नक्की कोणतं काढायचं? (नाशिक)

‘पासपोर्ट’ नावाचं तिकीट काढा. त्यात वाडा, बाग, कारंज्यांचा कार्यक्रम आणि त्रियानॉं सगळं येतं. नुसतं ‘वाड्याचं’ तिकीट स्वस्त दिसतं म्हणून लोक घेतात आणि इथेच फसतात : कारंज्यांच्या दिवशी बागेला वेगळं तिकीट लागतं, त्रियानॉंला आणखी वेगळं. तिन्हींची बेरीज केली की बचत कुठे उरत नाही.

तिकिटावर वाड्यात शिरण्याची वेळ छापलेली असते. ती वेळ फक्त वाड्यासाठी. बागेत तुम्ही आधीही जाऊ शकता, नंतरही. वाड्यात मात्र एकदाच प्रवेश. बाहेर पडलात की संपलं, त्यामुळे स्वच्छतागृह, पाणी, दुकान हे सगळं आत असतानाच उरका. बागेतून त्रियानॉंकडे आणि परत येताना फाटकावर तिकीट पुन्हा तपासतात. ते फोनमध्ये असेल आणि दुपारी तीनला फोन मान टाकणार असेल, तर एक छापील प्रत खिशात असू द्या.

एकट्या-दुकट्यांसाठी ‘ए’ (A) दरवाजा, आरक्षण केलेल्या गटांसाठी ‘बी’ (B). मोठ्या अंगणात उभं राहिलं की दोन रांगा दिसतात. मध्ये सोनेरी फाटक असतं. चुकीच्या रांगेत अर्धा तास काढल्यावर कोणी पुढे सोडत नाही, म्हणून उभं राहण्याआधी पाटी वाचा.

18 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत, मग मूल कोणत्याही देशाचं असो. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. कारंज्यांच्या दिवशी बागेचा नियम वेगळा असतो, तो तिकीट काढताना पाहून घ्या. मोठ्यांचे दर हंगामानुसार आणि युरोपातले पाहुणे की बाहेरचे यानुसार बदलतात. राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा आकडाच खरा धरा.

55 × 35 × 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. म्हणजे विमानतळावरून थेट सामानासकट यायचा बेत रद्द. लोखंडी सांगाड्याची बाबागाडीही वाड्यात चालत नाही. तान्ह्याला झोळीत किंवा कॅरियरमध्ये घ्या.

पॅरिसहून कोणती रेल्वे? (छत्रपती संभाजीनगर)

आरईआर ‘सी’, म्हणजे पॅरिसच्या उपनगरी रेल्वेचा ‘सी’ मार्ग. सेंट मिशेल, म्यूझे दॉर्से, अँव्हालिद, आयफेल टॉवरजवळचं शाँ द मार्स ही तिची सोयीची स्थानकं. फलकावर ‘व्हर्साय शातो रीव्ह गोश’ असं शेवटचं स्थानक लिहिलेलीच गाडी घ्या, कारण त्याच फलाटावरून दुसऱ्या दिशांच्या ‘सी’ गाड्याही सुटतात. हे अखेरचं स्थानक असल्याने उतरायचं चुकत नाही. पुढे दहा मिनिटं पायी.

उन्हाळ्यात, विशेषतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, या मार्गाचा पॅरिसमधला भाग दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तेव्हा मोंपार्नासहून ‘एन’ गाडीने व्हर्साय शांतिए गाठा आणि वीसेक मिनिटं चाला, किंवा सें लाझारहून ‘एल’ने रीव्ह द्रुआत गाठा; तिथून वाडा थोडा जवळ आहे.

जानेवारी 2025 पासून पॅरिस परिसरात मेट्रो-रेल्वेचं एकच दराचं तिकीट झालं आहे, त्यामुळे व्हर्सायसाठी वेगळं महाग तिकीट काढावं लागत नाही. ते ‘नाव्हिगो ईझी’ कार्डावर भरून घ्या. परतीचंही त्याच वेळी भरा, संध्याकाळी स्थानकावरच्या यंत्रांपुढे मोठी रांग असते. एका कार्डावर दोघांना एकाच वेळी प्रवास करता येत नाही. नवरा-बायकोने एकच कार्ड काढलं तर दुसऱ्याला फाटकातून जाता येत नाही आणि तपासनीस दंड करतो. बसचं तिकीट वेगळं असतं, ते रेल्वेला चालत नाही.

शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्यापर्यंत कात्रजचं पाणी उताराने यायचं असं वाचलं आहे. व्हर्सायची कारंजीही तशीच चालत का? की पंप होते? (पुणे)

दोन्ही. आणि आजही मुख्य जोर उताराचाच आहे.

कात्रजला निसर्ग अनुकूल होता. तलाव उंचावर, शहर खाली. नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतलेल्या बंदिस्त दगडी नळातून, उच्छ्वासांच्या (वाटेत हवा सुटण्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांच्या) टप्प्याटप्प्याने, पाणी आपोआप पुण्यात उतरत असे. व्हर्सायची अडचण नेमकी उलटी. वाडा उंचवट्यावर, आजूबाजूला दलदल, मोठी नदी म्हणजे सेन, आणि ती कित्येक किलोमीटर दूर आणि बरीच खाली. म्हणजे आधी पाणी वर चढवा, हौदात साठवा, मग उताराने सोडा.

सुरुवातीला जवळच्या क्लान्यी तळ्यातून घोड्यांनी ओढलेल्या पंपांनी आणि पवनचक्क्यांनी पाणी चढवलं. ते अपुरं पडलं. मग 1681 ते 1684 या काळात सेनेच्या काठी मार्लीचं यंत्र उभं राहिलं : प्रवाहावर फिरणारी 14 प्रचंड लाकडी चाकं, त्यांना जोडलेले दोनशेहून जास्त पंप, आणि तीन टप्प्यांत सुमारे 160 मीटर चढाई. एका दमात एवढं चढवलं असतं तर त्या काळचे सांधे फुटले असते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा. 160 मीटरला तो सोळा पट होतो. म्हणून मध्ये हौद बांधून दाब तोडला. लाकूड-लोखंडाच्या त्या यंत्राचा खडखडाट दूरवर ऐकू जाई आणि दुरुस्ती कायमची पाठीला लागलेली.

त्यानेही भागेना, तेव्हा अ‍ॅर नदी वळवून आणायचा घाट घातला. हजारो सैनिक खणायला लावले, मांतेनों इथे जलसेतू बांधायला घेतला. तापाने माणसं मेली, 1688 मध्ये युद्ध सुरू झालं आणि काम अर्धवट राहिलं. जलसेतूच्या कमानी आजही तिथे उभ्या आहेत.

पाणी कधीच पुरलं नाही, म्हणून युक्ती काढली. राजा बागेत फिरायला निघाला की पोरं शिट्ट्या वाजवून पुढच्या माणसाला इशारा देत. राजा जवळ येईल तसं कारंजं सुरू करायचं, नजरेआड गेला की बंद. राजाला सगळी बाग सतत उसळताना दिसे, प्रत्यक्षात त्याच्या मागे ती एकेक करून विझत असे.

आज बागेत सुमारे 50 कारंजी आणि 620 फवारे आहेत. चौदाव्या लुईच्या काळी फवारे 1,400 च्या घरात होते. जमिनीखालच्या तीस-पस्तीस किलोमीटर नळांत शिशाचे आणि बिडाचे मूळ नळ मोठ्या प्रमाणात अजून कामात आहेत. कारंजी चालवणारे कारागीर लांब दांड्याच्या लोखंडी किल्लीने जमिनीखालची झडप फिरवतात. ती सावकाश फिरवावी लागते. झटक्यात बंद केली तर धावत्या पाण्याचा सगळा धक्का नळावर बसतो आणि तीनशे वर्षांच्या नळाचा सांधा सुटतो; आपल्या इमारतीत नळ पटकन बंद केल्यावर भिंतीत धाडकन आवाज येतो त्याचंच हे मोठं रूप.

फवाऱ्याचा आकार ठरतो तोटीच्या तोंडाने. गोल अरुंद तोंडातून भाल्यासारखी सरळ धार, रुंद फटीतून पातळ पडदा, अनेक भोकांच्या तबकडीतून गुच्छ. उंची मात्र ठरते हौदाच्या पातळीने, आणि धार कधीही त्या पातळीच्या वर जात नाही. वाटेतल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात ती बरीच खालीच राहते. वापरलेलं पाणी शेवटी मोठ्या कालव्यात उतरतं आणि तिथून पंपाने पुन्हा वरच्या हौदांत जातं. हौद रिकामा झाला की खेळ थांबला, म्हणून कारंजी दिवसभर चालत नाहीत. सकाळी एक आणि दुपारी एक असे ठरावीक अवधी असतात आणि शेवट नेपच्यूनच्या हौदावर होतो, तिथे 99 फवारे एकत्र उठतात. त्या दिवशीचा नकाशा आणि वेळापत्रक फाटकावर मिळतं. ते घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

बाग कोणत्या क्रमाने पाहावी? नकाशा पाहून काही उलगडत नाही. (कोल्हापूर)

या प्रश्नाचं उत्तर खुद्द चौदाव्या लुईने लिहून ठेवलं आहे. पाहुण्यांना बाग कशी दाखवावी याच्या सूचना त्याने 1689 नंतर अनेकदा लिहिल्या आणि सुधारल्या. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, कुठे मागे वळून पाहायचं, सगळं त्यात आहे. आजही त्याहून चांगला मार्ग नाही.

वाड्यातून बाहेर पडल्यावर आधी गच्चीवर, पायऱ्यांच्या माथ्याशी थांबायचं. दोन्ही हातांना पाण्याचे दोन आयताकार हौद आहेत. त्यांच्या काठावर फ्रान्समधल्या नद्यांच्या काशाच्या मूर्ती पहुडलेल्या आहेत. हौद मुद्दाम सपाट ठेवले आहेत, म्हणजे वाड्याचं प्रतिबिंब त्यात पडावं. वारा नसेल तेव्हाच ते दिसतं, म्हणून सकाळ बरी.

मग सरळ पुढे, लातोनाच्या कारंज्याच्या वर. इथे राजा सांगतो : थांबा, समोर पाहा, मग मागे वळा. समोर लातोनाचं कारंजं, हिरवळीची लांब पट्टी, अपोलो आणि कालवा एका रेषेत. बागेचा आखणीकार आंद्रे ल नोत्र याची सगळी करामत या एका जागेवरून कळते. कालवा हाकेच्या अंतरावर वाटतो. त्याच्या दूरच्या टोकापर्यंत इथून अडीच किलोमीटरहून जास्त अंतर आहे.

लातोना नीट पाहा. रोमन पुराणकथांत ती सूर्यदेव अपोलो आणि देवी डायना यांची आई. लिसियाच्या गावकऱ्यांनी तहानलेल्या तिला पाणी पिऊ दिलं नाही, पाणी गढूळ केलं, म्हणून देवांचा राजा ज्युपिटर याने त्यांचे बेडूक केले. शिल्पकार मार्सी बंधूंनी तो बदल पायरीपायरीने दाखवला आहे : एखाद्याचं नुसतं तोंड फाकलेलं आहे, दुसऱ्याच्या बोटांना पडदे फुटले आहेत, काठावरचे पुरते बेडूक झाले आहेत. मुळात लातोना वाड्याकडे तोंड करून होती. 1680 च्या दशकाअखेरीस राजाचा वास्तुकार अर्दुआं-मांसार याने तिला संगमरवरी थरांवर चढवलं आणि कालव्याकडे वळवलं. 2013 ते 2015 मध्ये हे सगळं कारंजं सुटं करून दुरुस्त झालं, त्यामुळे आज त्याचा सोन्याचा मुलामा लखलखतो.

तिथून डावीकडे वळून नारंगीघराच्या (संत्र्याची झाडं हिवाळ्यात ठेवायच्या इमारतीच्या) कठड्यापाशी या. वरून खाली पाहायचं, कारण खालची नक्षी वरूनच कळते. मग उतरून झाडीतली दालनं. कापलेल्या झाडांच्या उंच भिंतींमध्ये लपलेल्या या पंधराएक जागा म्हणजे बागेचा खरा ठेवा, आणि त्या फक्त उन्हाळी हंगामातल्या कार्यक्रमाच्या दिवशी उघडतात. वेळ कमी असेल तर तीन पाहा : नृत्यदालन, जिथे शिंपल्यांनी मढवलेल्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं, स्तंभांचं वर्तुळ, आणि एन्सेलाडस. दगडांखाली गाडला जाणारा तो राक्षस सोनेरी हात वर काढून तडफडतो आहे आणि त्याच्या तोंडातून धार उसळते.

शेवटी अपोलो. 1671 मध्ये पुरा झालेला त्याचा रथ पाण्यातून वर येतो आहे आणि घोड्यांची तोंडं राजवाड्याकडे आहेत.

आम्ही डिसेंबरमध्ये जाणार आहोत. काही पाहण्यासारखं असेल का? (लातूर)

वाडा आहेच, आणि गर्दी कमी. नोव्हेंबर ते मार्च पहिल्या रविवारी वाड्याला प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशी गर्दी कमी राहत नाही. बागेत जायला हिवाळ्यात तिकीट नाही. मात्र कारंजी बंद, दालनांना कुलूप, आणि संगमरवरी पुतळे ताडपत्रीत गुंडाळलेले. दगडाच्या सूक्ष्म भेगांत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगड फोडतं, म्हणून ही काळजी. बेत बदलता येत असेल तर मेचा शेवट किंवा सप्टेंबर धरा.

आरसेमहालात काय पाहावं? तहाची जागा दाखवतात का? (सातारा)

महाल 73 मीटर लांब आहे. बागेकडे 17 खिडक्या, समोरच्या भिंतीत त्यांना जोड म्हणून आरशांच्या 17 कमानी. जवळ जाऊन एक कमान मोजा : 21 तुकडे भरतील. सगळे मिळून 357. त्या काळी फुंकून केलेल्या काचेचा मोठा अखंड आरसा बनतच नव्हता, म्हणून तुकडे जोडले. आणि व्हेनिसची मक्तेदारी मोडून हे आरसे फ्रान्समध्येच केले याचा राजाला अभिमान होता. छत चित्रकार शार्ल ल ब्रंचं, ते पाहायला मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं. खिडक्या पश्चिमेकडे आहेत. सकाळी बाग उजळ दिसते, दुपारनंतर ऊन आत येऊन आरशांवर पडतं. आत शिरल्याबरोबर सगळे दारातच थबकतात. तुम्ही सरळ दुसऱ्या टोकाला जा आणि तिथून वळून पाहा. फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाही.

पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह 28 जून 1919 ला इथेच झाला. 18 जानेवारी 1871 ला जर्मन साम्राज्याची घोषणाही इथेच झाली होती, त्या अपमानाची परतफेड म्हणून फ्रान्सने हीच जागा निवडली. पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही ती गोष्ट म्हणजे त्या तहावर भारताच्या नावाने वेगळ्या सह्या आहेत : भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह.

मराठ्यांचा व्हर्सायशी कधी संबंध आला होता का? (इंदूर)

1777 मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस सोळाव्या लुईचा वकील म्हणवून पुण्यात आला होता. इंग्रजांना शह म्हणून नाना फडणवीसांनी त्याचं आगतस्वागत केलं आणि मुंबईकर इंग्रज धास्तावले. फ्रेंच मदत काही आली नाही. नानांच्या दृष्टीने मात्र इंग्रजांना पेचात टाकायचं काम झालं होतं.

आईचे गुडघे दुखतात. तिला नेणं शहाणपणाचं आहे का? (डोंबिवली)

न्या, पण आखणी वेगळी करा. पहिला त्रास वाड्यासमोरच्या अंगणातच होतो. तिथली फरसबंदी उंचसखल दगडांची आहे, काठी अडकते आणि चाकाची खुर्ची हादरते. वाड्यात लिफ्ट आहे. दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारा, स्वतः शोधत बसू नका. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर त्या व्यक्तीला आणि एका सोबत्याला प्रवेश मोफत मिळतो. प्रमाणपत्र इंग्रजीत असू द्या.

बागेत सगळीकडे बारीक खडी आहे. मऊ तळव्याच्या चपला त्यात रुततात, घट्ट बूट हवेत. लातोनाकडे पायऱ्यांऐवजी दोन्ही बाजूंच्या वळणदार उतारांनी उतरा. नारंगीघराच्या बाजूच्या जिन्यांना शंभर-शंभर पायऱ्या आहेत. तिकडे जाऊच नका, कठड्यावरून पाहा. लांबचं अंतर छोट्या रबरी चाकांच्या गाडीने तोडा. ती वाड्यापासून त्रियानॉं आणि कालव्यापर्यंत फिरते आणि तिचं तिकीट वेगळं. विजेवर चालणाऱ्या चार आसनी गाड्याही भाड्याने मिळतात, पण चालवणाऱ्याचा मूळ परवाना मागतात आणि त्या ठरलेल्या मार्गावरच चालतात. सायकल बागेत चालत नाही, कालव्याभोवतीच्या उद्यानात चालते.

शाकाहारी जेवणाचं काय? घरून दशम्या-चटणी नेली तर बागेत बसून खाता येईल का? (सोलापूर)

दशम्या जरूर न्या. वाड्याच्या आत खाणं बंद, आणि बागेत शिदोरी उघडायला मनाई आहे. रखवालदार येऊन उठवतो. कालव्याच्या बाजूला, राणीच्या फाटकाजवळच्या सेंट अँत्वानच्या मैदानात, किंवा वाड्याच्या दक्षिणेच्या मोठ्या स्विस तळ्याकाठी बसायला हरकत नाही. गावातला नोत्र दाम बाजार वाड्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथून फळं आणि पाव घेऊन गेलात तर दिवस निघतो. सोमवारी तिकडे जाऊ नका.

एक गोष्ट निघण्याआधीच पाहा. भारतातून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, पनीर, तूप घरी ठेवा. दशम्या दुधात मळल्या असतील तर त्याही अडचणीत येऊ शकतात, पाण्यात मळा. मे महिन्यात निघणाऱ्यांच्या पिशवीत हापूसची पेटी असते. रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय आंबा आणि कढीपत्ता दोन्ही विमानतळावर काढून घेतात. केळी आणि नारळ यांना तो दाखला लागत नाही.

व्हर्सायमध्ये मोठ्या लाकडी खोक्यांत संत्र्याची झाडं असतात म्हणे. इतक्या थंडीत ती जगतात कशी? माझ्या गच्चीत ड्रममधलं लिंबू पाच वर्षांनी फळेनासं झालं आहे, म्हणून विचारते. (नागपूर)

थंडीचं उत्तर इमारतीत आहे. 1684 ते 1686 दरम्यान अर्दुआं-मांसारने दक्षिणेकडच्या बागेच्या पोटात नारंगीघर बांधलं. मुख्य दालन दीडशे मीटरहून लांब, भिंती चार-पाच मीटर जाड, वर मातीचा थर, तोंड दक्षिणेला आणि खिडक्या दुहेरी. शेगडी नाही. दिवसा तिरपं ऊन आत खोलवर येतं, जाड भिंत ती ऊब धरून ठेवते आणि बाहेर बर्फ असतानाही आत पारा 5 अंशांच्या खाली जात नाही. हजाराहून जास्त झाडं, संत्री, लिंबं, डाळिंबं, कण्हेरी, ताड, ऑक्टोबरच्या मध्याला आत जातात आणि मेच्या मध्याला बाहेर येतात. काहींचं वय दोनशे वर्षांच्या पुढे आहे. हिवाळ्यात गेलात तर खालचं अंगण रिकामं दिसेल ते यामुळेच.

तुमच्या लिंबाचं उत्तर त्या खोक्यात आहे. चार खांबांचा बिडाचा सांगाडा, त्यात ओकच्या फळ्यांच्या बाजू, आणि बाजूंना बाहेरून धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या. पट्टी काढली की एक बाजू दारासारखी मोकळी होते. झाड न उपटता मुळं दिसतात, गुंडाळी झालेली मुळं कापता येतात, जुनी माती काढून नवी भरता येते. दोनशे वर्षं कुंडीत राहण्याचं मर्म हेच.

पाच वर्षांत तुमच्या ड्रममध्ये मातीपेक्षा मुळं जास्त झाली असणार. पाणी कडेने सरळ खाली उतरतं, गड्ड्याच्या मध्यभागी पोचतच नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, नवी पालवी फुटण्याआधी, हे करा. दोन दिवस पाणी बंद ठेवा म्हणजे गड्डा सुटतो. झाड आडवं करून बाहेर काढा. धारदार सुरीने गड्ड्याच्या कडेने आणि तळाने साधारण दोन इंच जाडीचा थर कापून टाका. जाड मूळ आलं तर ते कात्रीने स्वच्छ कापा, फाडू नका. वरच्या फांद्याही साधारण चौथाई कमी करा, नाहीतर उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत आणि झाड मान टाकतं. ड्रमच्या तळाची भोकं मोकळी करून विटांचे तुकडे घाला. दोन भाग माती, एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू हे मिश्रण कडेने काठीने दाबत भरा. पोकळी राहिली तर तिथलं मूळ सुकतं. खोडाचा कलमाचा सांधा मातीच्या वरच राहू द्या. भरपूर पाणी घालून दहा-बारा दिवस सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात न्या. पहिला महिना खत देऊ नका, कापलेली मुळं करपतात.

पुढच्या वेळी ड्रमऐवजी सुताराकडून चार बाजू स्क्रूने जोडलेलं चौकोनी खोकं करून घ्या, दीड फूट बाय दीड फूट आणि तेवढंच खोल. तीन-चार वर्षांनी एक बाजू उघडायची आणि तेवढीच मुळं छाटायची, पुढच्या वर्षी समोरची बाजू. झाड आडवं करावं लागत नाही आणि एका हंगामाचं फळही बुडत नाही.